अंगण आमचे, पाणी कोणाचे?

गेल्या नाताळात आमचा एक पुतण्या टोरोंटोहून महिनाभरासाठी गावी आला होता. ज्याची एखादी फांदी कॅनडात, आखातात किंवा ऑस्ट्रेलियात जाऊन रुजलेली नाही, असे घर आमच्या वसई पट्ट्यात आता विरळाच. नाताळच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर आम्ही ओट्यावर बसलो असता त्याने आपल्या तिकडच्या घरामागे बांधलेल्या ‘डेक’ची हकीकत सांगितली. डेक म्हणजे मागील दारातून पाऊल बाहेर टाकताच लागणारा, खांबांवर उभा केलेला लाकडी ओटा. वर छप्पर नाही, बाजूंना भिंती नाहीत. उन्हाळ्याचे तीन-चार महिने कुटुंबाने तेथे बसावे, जेवावे, मुलांनी बागडावे, एवढाच त्याचा उपयोग. आपला ओटा आणि आपली पडवी यांच्या मधली ही वस्तू म्हणता येईल.

लाकूडकाम पुतण्याने स्वतःच्या हातांनी केले आणि ते दोन आठवड्यांत आटोपले. परंतु त्यापूर्वीचे कित्येक महिने नकाशे आणि अर्ज यांत गेले होते, आणि त्याचा राग अजून निवला नव्हता. डेक जमिनीपासून साठ सेंटीमीटरहून उंच असला की तेथे बांधकामाचा परवाना घ्यावा लागतो. हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठून फुगते आणि उथळ पाया वर उचलला जातो, म्हणून खांबांचा पाया सुमारे १.२ मीटर खोल न्यावा लागतो. कडेला निदान ९० सेंटीमीटर उंचीचा कठडा हवा, आणि कठड्याच्या दोन गजांमधील फट दहा सेंटीमीटरहून अधिक नको. लहान मुलाचे अंग त्यातून निसटू नये हा हेतू. आवारात मेपलचे एक जुने झाड होते. खोडाचा व्यास तीस सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर ते झाड मालकाच्या स्वतःच्या जमिनीत असूनही टोरोंटो शहरात परवान्याशिवाय तोडता येत नाही, त्याला इजाही करता येत नाही. शिवाय त्याच्याएवढ्या रुंदीच्या भूखंडावर मागच्या अंगणाचा निम्मा भाग माती, हिरवळ, झाडेझुडपे यांसाठी मोकळा ठेवावा लागतो. डेक असो, फरशी असो, तिने निम्म्याहून अधिक माती झाकता कामा नये.

एवढ्यावर भागले असते तर तो चिडला नसता. परंतु त्याला डेक नियमात बसतो त्याहून थोडा लांब हवा होता. अशी सवलत मागायची तर एका समितीपुढे अर्ज करावा लागतो आणि साठ मीटरच्या आतील सर्व मालकांना त्याची सूचना जाते. सुनावणीला मागच्या घरातील एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी शांतपणे सांगितले, की हा ओटा एवढा पुढे आला तर त्यावर बसलेल्या माणसाची नजर थेट माझ्या निजण्याच्या खोलीत पडेल आणि माझ्या टोमॅटोच्या वाफ्यावरचे दुपारचे ऊन जाईल. पुतण्याला आराखडा चार फुटांनी आखूड करावा लागला.

“काका, जमीन माझी, पैसा माझा, घाम माझा,” तो म्हणाला, “आणि त्या म्हाताऱ्याच्या टोमॅटोंनी माझ्या ओट्याची लांबी ठरवावी?”

आम्ही हसलो. “येथे ये रे बाबा,” आम्ही म्हणालो, “येथे परसात काय करायचे ते कोणी विचारीत नाही.”

हे वाक्य आमच्या तोंडून सहज गेले. त्या रात्री मात्र ते आमच्याकडे परत आले आणि झोप येईना. कारण आमच्या परसात आम्ही काय केले होते हे आम्हांला ठाऊक होते. आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्या काकींनाही ठाऊक होते.

ते सांगण्यापूर्वी आमच्या जमिनीविषयी थोडे लिहिले पाहिजे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना बावखल म्हणजे काय हे सांगावयास नको. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी एवढेच, की वाडीच्या सखल कोपऱ्यात खणलेले हे लहानसे गोड्या पाण्याचे तळे. चार महिने कोसळणारा पाऊस ते पोटात घेते, हळूहळू जमिनीत मुरवते, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आसपासच्या विहिरी गोड राखते. त्यावर रहाट फिरत असे, त्याच्या पाण्यावर केळी, पानवेली, फुलझाडे पोसली जात. आमच्या आजोबांच्या काळी आमच्या घरामागे असे एक बावखल होते आणि त्यावर तीन घरांचा वावर होता. ते कोणाच्या हिश्शात पडते हे विचारण्याची वेळ बहुधा कोणावर आली नसावी. वडिलांच्या काळी इंजिने आली, मग बोअर आली, रहाट मोडीत गेला, आणि बावखलाचा निम्मा भाग हळूहळू केरकचऱ्याने व मातीने भरला. आम्ही हाती घर घेतले तेव्हा उरला होता तो कोपऱ्यातील एक पाणथळ खळगा. पावसाळ्यात त्यात आमच्या आणि काकींच्या अशा दोन्ही परसांचे पाणी जमे, दोन दिवस उभे राही आणि मुरून जाई. डास होत, बेडूक ओरडत. आम्हांला त्याची लाज वाटे.

२०१७ साली मुलीचे लग्न ठरले. मांडव दारी घालायचा ही घरच्यांची हौस, आणि चिखलात मांडव कसा घालणार? आम्ही खळगा भरला, संपूर्ण परस नऊ इंचांनी उंच केले, खाली काँक्रीट ओतले आणि वर लाल-करड्या रंगांचे पेव्हर ब्लॉक बसवले. परवानगीचा विचार मनात आलाच नाही असे नाही. ओळखीच्या एका ओव्हरसिअरला आम्ही विचारले होते. तो म्हणाला, भिंत नाही, छप्पर नाही, ब्लॉक बसवायला कोण विचारतो? आम्ही निश्चिंत झालो. लग्न थाटात झाले. अंगण कसे आरशासारखे झाले आहे, असे पाहुणे म्हणाले, आणि आम्हांला ते आवडले.

पुढच्याच वर्षी, जुलै २०१८ मध्ये, वसईत जो पूर आला तो अनेकांच्या स्मरणात असेल. रेल्वे बंद पडली, वीज गेली, मिठागरांत माणसे अडकली. आमच्या आळीत प्रत्येकाच्या घरात पाणी होते, काकींच्या घरात होते तसेच आमच्याही. ज्या पाण्यात सगळे बुडतात त्यात कोणाचा दोष कोणाला दिसत नाही. म्हणून त्या वर्षी आम्हांला कोणताही प्रश्न पडला नाही. प्रश्न पडायला हवा होता तो त्याच्या पुढील वर्षी. २०१९ च्या पावसाळ्यात एका अगदी साध्या दिवशी, जेव्हा रस्ते कोरडे व्हायला लागले होते आणि रिक्षा धावत होत्या, तेव्हा आळीतल्या एकाच स्वयंपाकघरात घोटाभर पाणी उभे होते. ते काकींचे.

त्यांचे घर जुने, कौलारू, जोते बुटके. पती गेल्यापासून त्या एकट्याच असतात. त्या भिंतीपाशी आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमचा पंप मोकळा आहे काय?” दुसरे काही नाही. आम्ही तत्परतेने पंप नेऊन दिला, स्वतः जोडून दिला, आणि काकींनी “देव बरे करो” म्हटले. त्या पावसाळ्यात पंप तीनदा गेला. पुढील वर्षी आम्हीच जूनच्या आरंभी तो त्यांच्या पडवीत ठेवून आलो. शेजारधर्म म्हणून! आमच्या मनात त्या कृत्याची नोंद पुण्याच्या बाजूला झाली होती हे आम्ही येथे लपवू इच्छीत नाही.

हिशेब सोपा आहे, पण तो करायला आम्हांला इतकी वर्षे लागली. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. आमचे परस एक गुंठा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. आमच्याकडे जुलै महिन्यात एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नव्हे. तेव्हा अशा एका दिवशी आमच्या अंगणावर दहा हजार लिटर पाणी पडते: एक मोठा टँकर. पूर्वी त्यातला बराचसा माती पीत असे आणि उरलेला खळगा. आता दोघांचीही तोंडे आम्ही बंद केली होती. शिवाय आमचे अंगण नऊ इंच उंच झाल्यामुळे काकींच्या परसातले पाणी जेथे उतरत असे ती वाटही बुजली होती. म्हणजे प्रत्येक मोठ्या पावसात आम्ही एका विधवेच्या दारात जवळपास एक टँकर रिकामा करीत होतो आणि मग तो उपसायला आमचा पंप देत होतो.

ख्रिस्तसभेने या विषयावर मौन पाळलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी १९६५ साली जो आदेश काढला, त्यात दानधर्माची चर्चा करताना स्पष्टपणे बजावले आहे, की न्यायाने जे देणे आहे ते प्रेमाची भेट म्हणून देऊ नये. आधी न्यायाची मागणी पुरी करावी, आणि दुःखाच्या केवळ परिणामांवर नव्हे तर कारणांवर इलाज करावा. हा आदेश आम्ही तरुणपणी अभ्यासवर्गात वाचला होता. त्या वेळी आमच्या डोळ्यांपुढे जमीनदार आणि कारखानदार होते. पंप नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आम्ही कोणता कायदा मोडला? काटेकोरपणे पाहिले तर भराव घालणे हेदेखील कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाची जी व्याख्या आहे ती जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या कितीतरी कामांना कवेत घेते. (बावखल बुजवण्याला कायद्याच्या भाषेत ‘विकास’ म्हणता यावे, यातील विनोद बहुधा ती व्याख्या लिहिणाऱ्यांच्या ध्यानी आला नसेल.) परंतु व्यवहारात परसात ब्लॉक बसवल्याबद्दल कोणी कोणाला नोटीस दिल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तेव्हा सरकारदरबारी आम्ही निर्दोष. एखादे कृत्य परवानगीच्या चौकटीत असूनही, किंवा परवानगीची आवश्यकताच नसूनही, अन्याय्य असू शकते काय? आणि असेल तर परवानगी म्हणजे नक्की काय?

पुतण्याचे उत्तर, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर असे, की परवानगी म्हणजे माझ्या मालकीत सरकारने केलेली लुडबूड. सामासिक अंतर सोडा, चटईक्षेत्र मोजा, नकाशा मंजूर करून आणा, आणि प्रत्येक टेबलावर वाट पाहा. ज्याने एकदा या वाटेने प्रवास केला आहे तो परवानगीविषयी प्रेमाने बोलेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. परंतु क्षणभर टेबलांचा विसर पाडून नियमांकडे पाहावे. घराच्या बाजूने मोकळे सोडावे लागणारे अंतर म्हणजे दुसरे काय आहे? शेजाऱ्याच्या खिडकीतला वारा आहे, आग लागली तर बंबाला आत शिरण्याची वाट आहे. टोरोंटोच्या कठड्यातील दहा सेंटीमीटरची फट म्हणजे अजून जन्मालाही न आलेले एखादे रांगते मूल आहे. अर्धे अंगण मातीचे ठेवा, हा नियम म्हणजे खालच्या बाजूच्या घराचे तळघर आहे. ८ जुलै २०१३ रोजी त्या शहराच्या विमानतळावर काही तासांत १२६ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कितीतरी तळघरे पाण्याने भरली होती. आराखडा काढताना जो माणूस समोर बसलेला नसतो, त्याची खुर्ची नियम अडवून ठेवतो. संत थॉमस अक्वायनस कायद्याची व्याख्या करताना तो सर्वांच्या हितासाठी असावा हे त्याचे अंगभूत लक्षण मानतात, ते याच अर्थाने. मालमत्तेविषयीही त्यांचे म्हणणे असेच आहे: वस्तू मिळवणे व सांभाळणे हे ज्याचे त्याने करावे, ते सोयीचे आणि योग्यही आहे, परंतु तिचा उपयोग करताना ती केवळ आपली आहे असे मानू नये.

आणि हे कठड्याचे प्रकरण तर फार जुने आहे. पवित्र शास्त्रातील अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे, की धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी वरून पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. आम्ही ही आज्ञा कित्येकदा वाचली आणि पुढे गेलो, कारण तिच्या मागेपुढे पक्ष्यांची घरटी आणि द्राक्षमळ्यातील पेरणी असे विषय आहेत, आणि असली कलमे आपल्यासाठी नाहीत असे वाटत असे. आता तिच्यातील एक गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते. पडणाऱ्याला कोणी ढकललेले नाही. घरमालकाने काहीच केलेले नाही. त्याचा दोष नेमका तोच आहे. मिस्साच्या आरंभी आपण जी पापे कबूल करतो त्यांत हातून घडलेल्या कृत्यांबरोबर न केलेल्या कर्तव्याचाही उच्चार असतो. परंतु आमच्या कबुलीत परस कधी आले नव्हते.

तथापि नियम हा शेजाऱ्याचा प्रतिनिधी असला तरी तो शेजारी नव्हे. वसईतील नियम अंगणातल्या मातीविषयी जवळजवळ गप्प आहेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीत पाऊसपाणी साठवण्याची सक्ती आहे, पण ती पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील बांधकामांना. एका गुंठ्याच्या परसाला काही नाही. काकींना दाद मागण्याची सोय नव्हती असे मात्र नाही. शेतजमिनीवरून नैसर्गिकपणे वाहणारे पाणी शेजाऱ्याने अडवले, तर मामलेदाराकडे जाण्याची तरतूद १९०६ च्या कायद्यापासून आहे. लोक ज्याला वहिवाटीचा हक्क म्हणतात तो वीस वर्षांच्या अखंड उपभोगाने प्राप्त होतो, असे १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा सांगतो. आजोबांच्या काळापासून त्या खळग्यात उतरणारे पाणी या हिशेबात कदाचित बसलेही असते. परंतु हा कायदा तोंड उघडतो तो शेजारी वादी झाल्यावर. काकी वादी होणार नव्हत्या. ज्यांच्या पंपावर आपले स्वयंपाकघर अवलंबून आहे त्यांच्यावर खटला कसा भरणार? आमच्या उपकाराने त्यांची तक्रार करण्याची वाटही आम्ही बुजवली होती, हे तर सर्वांत शेवटी आमच्या लक्षात आले.

नाबोथच्या द्राक्षमळ्याची कथा आमच्या पट्ट्यात विशेष आवडीने सांगितली जाते, आणि त्याला कारण आहे. १९९० साली वसई-विरार भागासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. वाड्यांच्या जागी इमारती येणार हे उघड दिसू लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वात, हजारो माणसे रस्त्यावर आली. त्या मोर्च्यांत आम्हीही चाललो होतो. वाडवडिलांची जमीन विकणार नाही म्हणणारा नाबोथ म्हणजे आम्ही, आणि तिच्यावर डोळा ठेवणारा अहाब म्हणजे बाहेरून आलेला बिल्डर, ही वाटणी तेव्हा इतकी स्वच्छ होती की तिच्याविषयी शंका घेण्याचे कारणच नव्हते. २०२४ साली फादर दिब्रिटो गेले. त्या दिवसांत आम्ही राजांच्या पहिल्या पुस्तकातील तो एकविसावा अध्याय पुन्हा काढून वाचला होता. तेव्हाही जे दिसले नाही ते परवा दिसले. अहाबाला तो मळा कशासाठी हवा होता? साम्राज्य वाढवण्यासाठी नव्हे. तो राजवाड्याला लागून होता आणि राजाला तेथे भाजीचा मळा करायचा होता. घरालगतचे आवार नीटनेटके करण्याची एका गृहस्थाची इच्छा! त्याने मोबदलाही देऊ केला होता, याहून चांगला मळा देतो असेही म्हटले होते. आणि पुढे जे घडले ते सारे रीतसर: राजाच्या मुद्रेची पत्रे, वडीलधाऱ्यांची सभा, नियमाप्रमाणे दोन साक्षीदार. कागदोपत्री कोठेही चूक नाही. एलियाला त्या सर्व कागदांचे काहीच वाटले नाही. तो सरळ मळ्यात गेला आणि राजाला तेथेच गाठले.

आम्ही कोणाचा खून केला नाही, कोणाची जमीन घेतली नाही. ही तुलना ताणली तर तुटेल हे आम्हांला समजते. परंतु आम्ही बाहेरच्यांकडे बोट दाखवीत असताना आमच्याच आळीत किती बावखले बुजली याची मोजदाद कोणी केली आहे? ती बुजवणारे ट्रक बिल्डरांचे असतील, पण बरीचशी बावखले आम्ही स्वतः बुजवली. काही चाळीसाठी, काही मोटार उभी करण्यासाठी आणि काही आमच्यासारखी, मांडवासाठी. देवळांच्या आवारांतही आता सणाला चपला चिखलात भरू नयेत म्हणून ब्लॉक बसलेले असतात.

येथे दोन आक्षेप येतील, आणि ते आम्ही स्वतःच स्वतःवर घेतले आहेत. पहिला असा, की एका गुंठ्याने काय होते? रस्ता दरवर्षी डांबराच्या थराने उंच होतो, खाड्यांच्या तोंडाशी भराव पडतात, नाले अर्धवट राहतात. काकींच्या घरातील पाण्यात आमचा वाटा किती? खरोखरच थोडा असेल. परंतु ज्या दिवशी आळीत दुसऱ्या कोणाच्याही घरात पाणी नव्हते त्या दिवसाचे काय? मोठ्या अपराधात लहान वाटा असणे आणि लहान अपराध पुरता आपला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या आडोशाने आम्ही दुसरी कित्येक वर्षे झाकून ठेवली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला आमच्याकडे पुरते उत्तर नाही. परवानगीची महती गाणे हे ज्याचे कागद सरळ आहेत त्याला सोपे. आमच्या भागातील कितीतरी घरांच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे आणि त्याखाली दहा-बारा वारस. एक कुवेतमध्ये, एक मेलबर्नला, एकाशी तीस वर्षे बोलणे नाही. सर्वांच्या सह्या जमेपर्यंत नकाशा मंजूर होणे नाही. अशा घरात मुलाचे लग्न होते, सून येते, आणि दोन खोल्यांच्या जागी तिसरी खोली रातोरात उभी राहते. ती अनधिकृत आहे. परंतु भिंत उचलण्यापूर्वी जर त्या माणसाने शेजाऱ्याला बोलावून, ‘तुझ्या खिडकीपासून इतके अंतर सोडतो, पागोळी माझ्याच बाजूला पाडतो, चालेल ना?’ असे विचारले असेल, तर आमच्या अधिकृत अंगणापेक्षा ती अनधिकृत खोली अधिक निर्मळ आहे असे आम्हांला वाटते. असे म्हणताना आम्ही बेकायदेशीर बांधकामाचे समर्थन करीत आहोत असा आरोप होईल. तो होऊ द्यावा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात म्हटले आहे, की एखाद्या प्रकल्पाच्या परिणामांचा विचार आराखडा पक्का झाल्यावर करू नये, आरंभीच करावा, आणि त्या चर्चेत तेथे राहणाऱ्यांना मानाचे स्थान असावे. ते मोठ्या प्रकल्पांविषयी बोलत होते. परंतु साठ मीटरच्या आतील घरांना पत्र पाठवणारी टोरोंटोची समिती दुसरे काय करते? आम्ही ज्याला लुडबूड म्हणून हसलो तो एक साधा प्रश्न होता, आणि तो आम्ही काकींना २०१७ साली भिंतीवरून, एका मिनिटात, विनाशुल्क विचारू शकलो असतो.

तो आम्ही या वर्षी एप्रिलमध्ये विचारला. लाजत विचारला. काकी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पहिला तिथे खड्डा होता ना, तो बरा होता.” त्यांनी एवढे दिवस हे का सांगितले नाही असे आमच्या तोंडी आले होते, ते आम्ही गिळले.

भिंतीलगतची चार फूट रुंदीची पट्टी आम्ही उखडली. खालचे काँक्रीट फोडायला दोन माणसांना तीन दिवस लागले. बसवताना एका दिवसात बसले होते. कोपऱ्यातील खळगा पुन्हा खणला, छातीइतका खोल, आणि काकींच्या परसातून त्यात उतरणारी वाट मोकळी केली. त्याच्या काठावर चाफा लावला आहे. पुतण्याला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, “काका, म्हणजे आता तुम्हांलाही टोमॅटो लागले.”

सारे परस आम्ही उखडलेले नाही. पाऊण भाग अजून ब्लॉकखाली आहे, कारण तेथे मोटार उभी राहते, आणि धाकट्याचे लग्न व्हायचे आहे. हा उरलेला पाऊण भाग न्यायाचा की सोयीचा याविषयी घरात अजून वाद चालू आहे, आणि आम्ही स्वतः त्या वादात दोन्ही बाजूंनी बोलतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात खळगा काठोकाठ भरला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रिकामा झालेला दिसला. काकींच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी पाणी आले नाही. जुलैत एकदा आले, पण थोडे. त्यांनी ते फडक्याने पुसले असे त्यांनी सांगितले. पंप अजून त्यांच्या पडवीतच आहे.